निळ्या पोटाची चिलटं

१२ जून २०२५
चिलट उडेना! काचेची नळी उलटी केली, टिचक्या मारल्या — ढिम्म. पंख शाबूत, पाय शाबूत, तरी तळाशी बसून. हर्षाली मॅडम म्हणाल्या, "पंख नको, ते हलवणारे स्नायू बघ." बघितले. आम्ही वाढवलेली गाठ आतड्यात, आणि झिजलेत छातीतले स्नायू! केळ्यावर घोंघावणारं एवढंसं चिलट — कॅन्सर त्यालाही माणसासारखाच पोखरतो.

१७ जून
लॅबमधला मयूर म्हणाला, "आजारी आहेत, खात नसतील." मलाही पटलं. मॅडमना नाही. "नसतील म्हणू नका. बघा." चिलटांसाठी मक्याची खीर शिजते, तिच्यात निळा रंग घातला. स्वतः ढवळत बसल्या!

१८ जून
सगळ्यांची पोटं निळी! धडधाकटांची जेवढी, आजाऱ्यांचीही तेवढीच. म्हणजे खातात. खाऊनही झिजतात. बाईंचं एवढं मोठं नाव, पण माशीच्या पोटापुढे किती हरखल्या! मला असं हरखता यायला हवं.

५ जुलै
नुसत्या नळ्या धुतल्या.

२१ ऑगस्ट
उडाली!! गाठीतून एक द्रव्य सुटतं, त्यापायी लांबचे स्नायू उपाशी राहतात. ते द्रव्यच आम्ही बनू दिलं नाही. गाठ तेवढीच, पण चिलट उडालं — थेट मॅडमच्या चष्म्यावर! मयूर पेढे आणायला निघाला, तर म्हणाल्या, "आधी पुन्हा करून बघा. आणि ही माशी आहे. माणूस अजून लांब आहे."

३० ऑगस्ट
आई देवळ्याहून डोळे तपासायला आली. तिला लॅब दाखवली.
"चिलटं पाळायला एवढी शिकली?"
मी हसले. आजारी चिलट भिंगाखाली ठेवलं, गाठ काय करते ते सांगितलं.
"पोटभर खातंय?"
"पोटभर."
"तरी वाळतंय?"
"तरी."
नानांना, माझ्या वडिलांना, आतड्याचाच कॅन्सर होता. जाताना नुसता सापळा उरला होता. वाटलं, आई आता रडणार. रडली नाही. भिंगावरचा डोळा मात्र काढेना.

१ सप्टेंबर
आईचा फोन. नानांच्या दहाव्याला चतुराआत्या चारचौघांत तिला काय बोलली होती, ते मला आज कळलं — दोन वर्षांनी! आई म्हणाली, "आज जाऊन सांगून आले. म्हणलं, वन्सं, तुमच्या भावाला मी नव्हतं उपाशी ठेवलं."