पडद्यावरची लुकलुक आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.

रविवारी मुलगी येतेय. चौदा महिन्यांनी. बारा मिनिटांची फिल्म केलीय तिने, कॉलेजात पहिली आली म्हणे. फोनवर आईला म्हणाली, बाबांच्या मोठ्या पडद्यावर सगळे मिळून बघू. बाबांच्या! म्हणजे राग गेला. मुळात राग कशाचा होता, तेच मला नीट कळलेलं नाही. तिचा कॅमेऱ्याचा स्टँड गॅलरीतून खाली गेला. मी फेकला, असं घरात सगळे म्हणतात. मी फक्त सोडला. खाली गेला तो स्वतःच्या वजनाने.

संध्याकाळी ७.

प्रोजेक्टर लावून बघितला. चित्र लुकलुकतंय. दोन मिनिटं ठीक, मग फडफड, मग काळं, मग पुन्हा ठीक. किरकोळ काम आहे. संकल्प: रविवारपर्यंत आवाज चढवायचा नाही.

४ मार्च, मंगळवार.

मेव्हण्याला फोन केला. त्याचा धंदाच सभागृहांमध्ये प्रोजेक्टर बसवायचा. न बघताच म्हणाला, दाजी, केबल गेली. भिंतीत कुठेतरी दबली असणार. तात्पुरती दुसरी जमिनीवरून टाकून बघा.

ती केबल मी घातलीय. दोन सुट्ट्या घालवून भिंत खोदली, कोपऱ्यात चोख काटकोनात वळवली, वरून प्लास्टर, वरून रंग. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, वायर कुठाय? आणि हा म्हणतो जमिनीवरून टाका. मी त्याला शांतपणे सांगितलं की तुझी अक्कल तुझ्या सभागृहात चालव. फोन आपटला नाही. निसटला.

मग प्रोजेक्टरला सहज एक चापटी दिली. लुकलुक थांबली! पूर्ण चार मिनिटं. शोध लागला. याला मार कळतो.

५ मार्च, बुधवार.

चापटीची सवय झालीय त्याला. आज थप्पड लागली. नंतर बुक्की. स्टुलावर चढून बुक्की मारायला ताकद लागते, पण इलाज म्हटला की कष्ट आले.

मेनूत शिरून रिफ्रेश रेट साठचा पन्नास केला, पन्नासचा चोवीस. काही नाही. रिमोट भिंतीला लागला. एक बॅटरी सोफ्याखाली, एक सापडत नाही. बायको म्हणाली, काय आपटलं? म्हटलं, काही नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. तिला हल्ली आवाज सहन होत नाहीत. वय.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ९.

कारण सापडलं! व्होल्टेज. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर पळण्याच्या मशीनवर पळतात, त्याने आमचा करंट खाली जातो. आता वर जाऊन गोडीत सांगणार.

९.४०.

गोडीत सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, कंबर धरलीय, आठवडाभर मशीनला हात लावलेला नाही. म्हटलं, मग माझं चित्र का फडफडतं? म्हणाले, ते मला काय माहीत, आणि दार लोटायला लागले. बोलणं चालू असताना दार लोटणं ही काही पद्धत नाही. मी दार जरा जोरात उघडलं. ते चपलांच्या रॅकवर बसले. पडले नाहीत, बसले. आरडाओरडा त्यांच्या बायकोनेच केला.

खाली आल्यावर आमची म्हणते, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हेडमास्तरांना बघायला वर गेली, सोबत शेकायची पिशवी घेऊन.

७ मार्च, शुक्रवार.

इलेक्ट्रिशियन आला. अंगाने इतका बारीक की आम्ही त्याला काडी म्हणतो. मीटर लावला. व्होल्टेज ठणठणीत. साहेब, केबल असणार, म्हणाला. मी विचारलं, तुला मेव्हण्याने शिकवून पाठवलंय का? कोण मेव्हणा, म्हणाला. चेहरा असा भोळा केला की मला त्याची कॉलर धरावी लागली. वरचं बटण तुटलं. शिलाई कच्ची असते या लोकांची. काडी पळाला, त्याचा टेस्टर इथेच राहिला.

मेव्हणा दुपारी दारातूनच पंधरा मीटरची केबल देऊन गेला. आत आला नाही. बायको म्हणते, एवढी टाका, मुलीसाठी. म्हणजे मुलीसमोर मी मेव्हण्याच्या वायरीवर सिनेमा दाखवायचा! केबल कपाटावर ठेवून दिली. संकल्प: उद्या शेवटचा प्रयत्न. थंड डोक्याने.

८ मार्च, शनिवार.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर खराब.

अकरा वाजता सुरू केला. लुकलुक. बुक्की. ठीक. लुकलुक. दोन बुक्क्या. ब्रॅकेटचा स्क्रू निघाला, प्रोजेक्टर एका बाजूने लोंबकळला आणि झोका घेऊन माझ्या कपाळावर बसला. म्हणजे पहिलं रक्त त्याने काढलं, हे नोंदवून ठेवतो. त्यानंतर मी हातोडी आणली.

पहिल्या घावात भिंग गेलं. पुढचे किती ते मोजले नाहीत. खाली पडल्यावरही आतला पंखा फिरत होता, तो थांबेपर्यंत मारलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग एकदम मुलीची आठवण झाली आणि हातोडी टाकून भिंतीला ठोसा मारला. हाताची दोन हाडं मोडली.

कोपऱ्यातलं प्लास्टर पडलं. आत केबल. काटकोनात चेपलेली, वरचं आवरण फाटून तांबं बाहेर आलेलं. दवाखान्यातून हाताला प्लास्टर घालून आल्यावर तिथे कॅलेंडर टांगलं. मेव्हण्याला कळायची गरज नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी ४.

मुलगी आली. केस कापलेत. कपाळाची पट्टी बघितली, हाताचं प्लास्टर बघितलं, कॅलेंडरही बघितलं. म्हणाली, लॅपटॉपवर बघू. जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती, बायको, मेव्हणा, मी.

फिल्म चांगली आहे. त्यात एक माणूस आहे, तो दिसत मात्र नाही. जिन्यावर फक्त त्याची पावलं वाजतात. घरातली आई आणि मुलगी पावलांवरून ओळखतात की आज काय होणार. मग काचेचे ग्लास उचलून आत ठेवतात. रोज. बारा मिनिटं एवढंच. पावलांचा आवाज फार खरा पकडलाय, असं मी म्हटलं. कोणाची आहेत, तेही विचारलं. मुलीने माझ्याकडे बघितलं.

मग पुन्हा विचारावंसं वाटलं नाही. पुन्हा एकदा बघू म्हटलं. खिडकीचा उजेड स्क्रीनवर येत होता, म्हणून लॅपटॉप वळवायला हात पुढे केला. मुलीने लॅपटॉप छातीशी ओढला. बायकोने तिच्या डोक्यावर आडवा हात धरला. मेव्हणा खुर्चीवरून उठला.

मी सांगितलं, मला फक्त स्क्रीन वळवायची होती.

मुलगी म्हणाली, माहितीये बाबा. पण लॅपटॉप सोडला नाही.