सज्ज्यातून ठरलेला भाव

मी, मेन्सिया द ओल्मेदो, कापडवाल्या कै. बेल्त्रानची विधवा, राहणार मेदिना देल काम्पो, थोरला चौक. माझे गुडघे गेले असले तरी बुद्धी ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी कापडाचा सौदा करून पाहावा. देवाला स्मरून, कुणाची भीड न धरता, माझ्या पश्चात काय व्हावे ते लेखनिकाकरवी लिहून ठेवते.

१. देह सान अंतोलिनच्या चर्चमध्ये पुरावा. मेणबत्त्या बेताच्या लावाव्यात.

२. धाकटा भाऊ गिल मठात जाऊन फ्राय झाला, तो सालामांकाच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवतो. खरेदी, वाहतूक आणि मजुरी यांच्या खर्चावर काही घेणे पाप, असे तेव्हा त्याचे मत होते. मागणी वाढली की मी भाव वाढवी, म्हणून त्याने मला पापक्षमा नाकारली आणि त्याच्या धाकाने इतर पाद्र्यांनीही.

"ताई, नफा परत कर, मग बघू."

"आणि गेल्या जत्रेतला तोटा कोण परत करणार? तुझा मठ?"

तेव्हापासून नरकाच्या भीतीने माझी झोप उडाली. हे मी हसण्यावारी नेत असे, पण ते हसू खरे नव्हते.

३. आमच्याकडे जत्रेत मिस्सेची प्रार्थना चर्चच्या सज्ज्यातून होते, म्हणजे दुकान न सोडता गुडघे टेकता येतात. सरकारी दवंडीही तिथूनच. एकदा गिलने त्या सज्ज्यातून प्रवचनात उदाहरण दिले, "समजा, सेगोव्हियाच्या कापडाचा रास्त भाव वीस रेआल." लोकांना तो हुकूमच वाटला! चपळ लोकांनी वीसने मिळेल ते उचलले आणि मागच्या गल्लीत चढ्या भावाने विकले. विणकरांनी उरलेले गठ्ठे विकायला काढलेच नाहीत. शिंप्यांनी गिलच्या नावाने शंख केला.

तो माझ्या दुकानात येऊन तिपाईवर बसला. "ताई, मी नुसतं उदाहरण दिलं होतं गं!"

"बैस. जत्रा संपेपर्यंत उठू नकोस."

तो खरेच बसला. सेगोव्हियाच्या गाड्या आल्या, भाव आपोआप उतरला, चढ्या भावाने माल भरून बसलेली मी बुडाले. तेही त्याने पाहिले. आम्ही सगळे नकळत जे करत होतो, त्याला शब्द त्यानेच दिले: फसवणूक नसेल, जबरदस्ती नसेल, तर भरल्या बाजारात सगळ्यांच्या अंदाजाने ठरतो तोच रास्त भाव. आता तो हेच शिकवतो. मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण जाताना त्याने विचारले, "ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचा अंदाज कोण धरतो?" म्हणून दर हिवाळ्यात जाड्याभरड्या कापडाचा एक गठ्ठा गरिबांना फुकट द्यावा.

४. दुकान, मापे आणि गोदाम मी वाढवलेल्या मुलीला, ओलायाला. दीर सांचो याला आतल्या खोलीतला बाक, तिथेच तो म्हणायचा, "वहिनी, आपण पाच कापडवाले मिळून भाव बांधू." आता त्याने त्यावर एकट्याने बसावे.

५. तिपाई गिलला. शिकवणे बदलले, पण मला क्षमा करायला त्याची जीभ अजून उचलत नाही. हट्टी आहे, माझाच भाऊ. गिल, मी लेखी मागते आहे. बाबा, आता तरी दे.

स्थळ मेदिना देल काम्पो, संत लूकच्या सणाचा दिवस, इसवी सन १५५६.

निशाणी: मेन्सिया द ओल्मेदो

साक्षीदार: तोरिबियो सालिनास, शिंपी

साक्षीदार: फ्राय गिल द ओल्मेदो. क्षमा दिली, ताई. तिपाई आत्ताच कुणी हलवू नये. मी अजून तिच्यावरच ताईच्या उशाशी बसलो आहे.