कार्डाच्या पाठीवरचे शब्द

॥ श्री शरणबसवेश्वर प्रसन्न ॥

आळंद,
ता. ४ ऑगस्ट २००३

चि. सुधारानीस अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दीड महिना तुझं पत्र नाही. म्हणजे तू फार कामात आहेस किंवा फार आळशी झाली आहेस. अव्वा आईच्या मायेनं पहिलं धरून चालली आहे, मी दुसरं.

आपल्या वाचनालयात कॉम्प्युटर आला. त्यातली विषयांची यादी तुझ्याच पुण्याच्या ऑफिसनं केलेली, म्हणून मी चार माणसांत मिरवून घेतलं. मग पंचाईत झाली. कल्लप्पा आला, तुरीला अळी लागलीय, त्याचं पुस्तक द्या म्हणाला. कॉम्प्युटरला 'अळी' माहीत नाही, कन्नडमधलं 'हुळ'ही नाही. शेवटी 'कडधान्य कीड व्यवस्थापन' लिहिल्यावर पुस्तक निघालं. असं कोण बोलतं गं?

माणूस ज्या शब्दांत पुस्तक मागेल ते शब्द मी तीस वर्षं त्या पुस्तकाच्या यादीतल्या कार्डाच्या पाठीवर लिहीत आलो. आता कमिटी म्हणते, कार्डं या महिन्यात रद्दीत घाला. फार वाईट वाटतं.

लोभ आहेच, पत्र तेवढं यावं.

तुझा,
अप्पा

पुणे,
ता. १२ ऑगस्ट २००३

ती. अप्पांस सुधारानीचा सा. न. वि. वि.

आळशी झाले, कबूल. अव्वाला सांगू नका.

'कडधान्य कीड व्यवस्थापन' हे माझंच काम, अप्पा. आम्ही सहाजणी एका गोष्टीला एकच शब्द ठरवत बसलो होतो. तेव्हा मला आळंदचं एकही माणूस आठवलं नाही, याची लाज वाटली.

उपाय आहे. एका शब्दाकडून दुसऱ्याकडे नेणारी 'पाहा' अशी नोंद यादीत घालता येते. मग कल्लप्पाकाका अळी म्हणोत की हुळ, पुस्तक सापडेल. पण त्यासाठी लोकांचे शब्द हवेत आणि ते तुमच्या कार्डांवरच आहेत. रद्दीत देऊ नका, खोक्यात बांधून पार्सल करा.

यायचं फार मनात आहे, पण रजा मिळत नाही. इथं आपल्याकडचं बोलणं कानावर पडत नाही, म्हणून तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचते.

अव्वाला नमस्कार. माझ्यावर रागावा, पण लिहीत राहा.

आपली,
सुधा

आळंद,
ता. २० ऑगस्ट २००३

चि. सुधास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कमिटीशी भांडून कार्डं घरी आणली. बांधायला बसलो होतो. एक मात्र खोक्यात टाकवेना, ते या पाकिटात घातलं आहे. पुस्तक पुण्याच्या माहितीचं, नकाशासकट. तुमच्या यादीत ते 'पर्यटन'मध्ये गेलं. पाठीवर बघ: 'लेक ऱ्हाती ते गाव दावा.'

एरवी मागणाऱ्याचं नावही लिहितो, इथं लिहिलं नाही, कारण ती तुझी अव्वा. तिला वाचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तू गेल्यापासून दर बाजाराच्या दिवशी वाचनालयात येते, भाजीची पिशवी पायाशी ठेवते आणि नकाशा उघडून बसते. तू नेमकी कुठं राहतेस ते विचारते. पत्ता पाठ आहे, पण नकाशात ती जागा मला सांगता येत नाही.

तुझी आठवण मलाही येते, हे इथं लिहून टाकतो. सवडीनं उत्तर दे.

तुझा,
अप्पा

पुणे,
ता. २६ ऑगस्ट २००३

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

पार्सल करू नका. साहेबांना सांगून टाकलं, रजा द्या नाहीतर पगार कापा. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, सोलापूरहून एसटीनं दुपारपर्यंत घरी. कार्डं तिथंच बसून उतरवून घेईन.

ते पुस्तक तेवढं अव्वाच्या नावावर घरी आणून ठेवा. तिचं बोट धरून नकाशात माझ्या खोलीवर ठेवायचं आहे.

बाकी भेटीत.

आपली,
सुधा