मुरूम लागेपर्यंत

११ जानेवारी १९८२

सोळा वर्षांनी टी-स्क्वेअर हातात धरला आणि बोटं आखडली! शिकले तेव्हा सगळं फूट-इंचात, आता मीटर. अण्णाजी इंजिनियर, ऑफिस त्यांचं. वर्ध्यात डिग्रीवाली आर्किटेक्ट मी एकटी असेन, तरी म्हणाले, "प्रमिलाबाई, आधी ट्रेसिंग करा, मग पाहू." केलं.

घरी ह्यांचा चेहरा उतरलेला. "काऊन, कापडाच्या दुकानात माह्यासंग बसाले लाज वाटते का तुले?"

१२ जानेवारी

रेषा थरथरते. दोन कागद फाडले.

२ मार्च

आज माझं स्वतःचं काम! तळेगावच्या पुढे एका खेड्यात शिक्षणसंस्थेची बालवाडी — दोन खोल्या, व्हरांडा. अण्णाजी म्हणाले, कोपऱ्यात तुमचं नाव टाका. टाकलं. खाली आर्किटेक्ट. इतकी वर्षं माझं नाव फक्त रेशनकार्डावर होतं. संडासात जाऊन रडून घेतलं.

७ मार्च

मावशीकडे जाते सांगून एस.टी.नं जागा बघायला गेले. ऑफिसातही कुणाला बोलले नाही — रविवारी खेड्यात एकटी कशाला, म्हणून अडवलं असतं.

जमीन देणारे रूपराव शेतात भेटले. काळी माती. आत्तापासूनच अशा भेगा, की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. पाया किती खणता, विचारलं.

"पुरुषभर खंदा लागते बाई. मुरूम लागेपर्यंत. पावसात फुगते हे जमीन. उनात दगडावानी दिसते, पण खरी नाई."

नकाशावर पाया नव्वद सेंटीमीटर. संस्थेनं जमीन मुरमाड लिहून दिली आहे! निघताना त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, ओंजळभर बोरं दिली. रूपराव म्हणाले, "बांधणारे लय आले. विचारायले तुमीच."

८ मार्च

अण्णाजींना म्हटलं, तिकडे काळी माती असणार, पाया खोल हवा. खेकसले! एस्टिमेट पास झालंय, एकतीस मार्चच्या आत पाया दिसला नाही तर ग्रँट परत जाईल. मग शांतपणे — "नाव नको असेल तर सांगा. दुसऱ्याचं टाकतो."

डोळ्यांनी बघून आले, हे तोंडातून निघालं नाही. सही केली.

३० मार्च

पाया भरला. ऑफिसात पेढे. खाल्ला मीही.

१९ ऑगस्ट

आठ दिवस झड लागली आहे. व्हरांडा खचला, भिंत आडवी. मुलं यायची होती. झाडायला आलेली बाई खाली सापडली — धुरपताबाई.

२१ ऑगस्ट

मांडीपासून पाय कापला.

हे म्हणाले, "तू काऊन रडतं? ठेकेदारानं सिमेंट खाल्लं असन." नोकरी धरल्यापासून पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले. ताटावरून उठले मी.

४ सप्टेंबर

चौकशी संपेपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. अण्णाजी निर्धास्त. "संस्थेनं मुरमाड लिहून दिलं, तुम्ही ते खरं धरलं. जागा पाहिलीच नव्हती, तर तुमच्यावर काय येतं?"

पाहिली होती! ठाऊक आहे ते रूपरावांना. ते सांगणारच. सांगावंच त्यांनी.

१४ सप्टेंबर

चौकशी. रूपरावांना आधी बोलावलं. साहेबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, ह्या बाई बांधकामाआधी आल्या होत्या?

"नाई साहेब. आज पयल्यांदाच पाहून राह्यलो."

बाहेर त्यांना गाठलं. खोटं का बोललात? डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "तुमी एकट्याच विचारायले आल्त्या. तुमाले काऊन अडकवू बाई?" धुरपताबाईंचं विचारलं. म्हणाले, कापलेला पाय रात्री खाजतो म्हणते.

माझी पाळी उद्या. ठरलं — गेले होते, भेगा पाहिल्या होत्या, तरी सही केली, एवढं सांगायचं. नोकरी जाईल. जाऊ दे. त्या माणसाच्या अंगावर माझ्यासाठी खोटं ठेवायचं नाही.

१५ सप्टेंबर

"जागा पाहिली नव्हती," मी म्हणाले.

सोमवारपासून ऑफिस.