"गच्ची" आणि "ओले मोजे"

४ फेब्रुवारी

आजही "गच्ची" दोनदा म्हणावं लागलं. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. मधल्या गाण्यांत लोक फोन बघतात, पाणी प्यायला उठतात. स्टेजवरून खाली उतरल्यावर एक बाई म्हणाली, "अगदी रेकॉर्डसारखं म्हणता हो." आभार मानले. रेकॉर्डवर ताई आहे.

जॅकेट काखेत काचतं. तेही ताईचंच.

६ फेब्रुवारी

ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा भावोजी म्हणाले होते, "दोन महिने सांभाळून घे. तुमचे आवाज इतके सारखे, फोनवर तुमची आईसुद्धा फसते." मी चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली. आता दुसरं वर्ष सरत आलं. केस तिच्यासारखे कापलेत. श्वाससुद्धा ती घ्यायची तिथेच घ्यायचा. चुकले की भावोजी गिटार थांबवून बघत राहतात. त्यांच्याच घरातली मागची खोली मला दिलीय, म्हणजे हाताशी असावी. खिडकीसमोर स्पीकरची खोकी रचलेली. दिवसाही दिवा लावावा लागतो.

९ फेब्रुवारी

गाडीत वाद. मी म्हटलं, एकदा तरी "ओले मोजे" घेऊ या. दुसऱ्या अल्बममधलं सहावं गाणं, ताईनेच लिहिलेलं. एक बाई परक्या गावात खिडकीत मोजे वाळत घालते, आणि ते वाळेपर्यंत तिला कुठे जाता येत नाही — एवढंच आहे त्यात. पण आमचा बँड म्हणजे मला तेच गाणं वाटतं.

ढोल्या — ड्रम वाजवतो म्हणून ढोल्या, अंगाने नुसती काडी — म्हणाला, "आपल्याला काय वाटतं याला कोण विचारतंय? लोक 'गच्ची'वाले म्हणून बोलावतात, तर आपण 'गच्ची'वाले. ते गाणं नसतं तर या गाडीत पेट्रोल नसतं."

"मग बाकीची गाणी कशाला केली?"

"अल्बम भरायला."

भावोजी पुढे बघत म्हणाले, "ते मोज्यांचं गाणं तू म्हणायचं नाहीस. तिने बजावलंय मला. ते तिचं आहे."

डोकं काचेला टेकून बसले. काच थंडगार होती, तेवढंच बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

घसा बसलाय. सुट्टी नाही.

१८ फेब्रुवारी

दुकानाच्या मालकांचा फोन. "तुझी जागा धरून ठेवलीय गं अजून. पण काचा घासायला माणूस लागतोच ना मला. महिनाअखेरीला काय ते सांग." मागे मशीन चालू होतं. काच चाकाला लागली की बारीक किंचाळते. फोन ठेवेपर्यंत तेच ऐकत होते.

ताईला सांगितलं. ऑपरेशनपासून ती कुजबुजतच बोलते. घशाला हात लावून म्हणाली, "मला बरं वाटेपर्यंत थांब ना गं."

झालं.

२२ फेब्रुवारी

स्टुडिओत वीज गेली म्हणून रेकॉर्डिंग रद्द. बाकीचे सामान आवरायला तिथेच थांबले, मी सकाळीच घरी परतले. किल्लीने दार उघडलं. ताई आतल्या खोलीत पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

आणि गात होती. "ओले मोजे." मोकळ्या गळ्याने. वरचा सूर कुठे चिरकला नाही, कुठे थरथरला नाही.

मी चपला हातात घेऊन उभी. शेवटपर्यंत ऐकलं. राग यायच्या आधी वाटलं, किती सुंदर म्हणते ही. मग तशीच मागे फिरले आणि रस्त्याने चालत सुटले. कुठे गेले ते आठवत नाही.

२३ फेब्रुवारी

जेवताना ताई कुजबुजली, "मीठ दे." दिलं.

२५ फेब्रुवारी

भावोजी गिटारच्या तारा आणायला गेले होते. ताईला विचारून टाकलं. "बरं होऊन किती दिवस झाले?"

ती कुजबुजायला लागली. मग तिची तिलाच लाज वाटली असावी. मोकळ्या आवाजात म्हणाली, "वर्ष होईल."

तीच बोलत राहिली. "शुद्धीवर आले, नळ्या अजून तोंडात, आणि नर्स म्हणते, बऱ्या झालात की 'गच्ची'ची एक ओळ ऐकवा हं. चांगली होती बिचारी. पण मला वाटलं, आपण मेलो तरी हे गाणं छातीवरून उतरणार नाही. चहा उकळेपर्यंत लिहिलेलं गाणं ते. अल्बममध्ये जागा उरली होती म्हणून! ज्या गाण्यांसाठी रक्त आटवलं ती कुणी ऐकली नाहीत."

"म्हणून ते माझ्या छातीवर ठेवलंस?"

ती रडायला लागली. मला जवळ जावंसं वाटलं, पण गेले नाही.

"भावोजींना ठाऊक आहे?"

"नाही."

"आज सांग. मी उद्या मालकांना होकार कळवते."

"परवाच्या कार्यक्रमाचं काय?"

"तू जा."

"मी 'गच्ची' म्हणणार नाही."

"मीही नाही."

२६ फेब्रुवारी

भावोजींना कळलं. ओरडले नाहीत. ताईला म्हणाले, "माझ्यासमोरही कुजबुजत होतीस. वर्षभर." मग बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी जॅकेट खुंटीला अडकवलं.

२७ फेब्रुवारी

दुकानात गेले. पहिलीच काच तडकली. मालक म्हणाले, "बसेल हात." संध्याकाळी तिकडे कार्यक्रम. आम्ही दोघी घरी.

२८ फेब्रुवारी

भावोजी दुपारी परतले. रात्री जेवताना आपणहून बोलले. "ढोल्याने म्हटलं 'गच्ची'. फुटक्या डब्यासारखा आवाज त्याचा. पण लोक नाचले. बाई कुठेय म्हणून कुणी विचारलं नाही."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. एवढंच होतं तर.

"एक माणूस आला होता नंतर स्टेजमागे. म्हणाला, 'ओले मोजे' म्हणाल या आशेने लांबून आलो. मी म्हटलं, ते म्हणणारी हल्ली येत नाही."

ताईचा घास हातातच राहिला.

"पुढचा कार्यक्रम कधी आहे?" तिने विचारलं.