वाल फुगायच्या आत

मुसफ्फा, अबुधाबी

आई,
पाया पडतो.

दर्शनाताईने आज फोनवर सांगितलं. म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं! आणि मी चार वर्षं मूर्खासारखा लपवत बसलो.

बाबा गेले तेव्हा मी म्हणालो, विमानं बदलून यायला दोन दिवस लागतात, पोचणार नाही. खोटं होतं ते. इथून मुंबई दोन हजार किलोमीटर, जेमतेम तीन तास. नोकरीला महिनाच झाला होता, सुटी मागितली तर काढून टाकतील म्हणून घाबरलो. मग लाजेने आलोच नाही.

पण ताई म्हणाली, मी पहिल्यांदा इकडे निघालो, तेव्हा माझा ‘विमानात बसलो’ असा फोन आल्यावर तू वाल भिजत घातलेस, आणि ते फुगायच्या आत ‘उतरलो’ म्हणून फोन आला. तरी बाबांच्या बाराव्याला तू सगळ्यांना सांगितलंस, “पोरगं फार लांब आहे, कसं पोचणार?”

तिकीट काढलंय, खलास. हे पत्र टाकत नाही, त्याच्या आधी मीच पोचेन. शुक्रवारी विमानात बसलो की फोन करतो, तेव्हा वाल भिजत घाल. मुंबईहून गावापर्यंत एसटीचे नऊ तास धर. मी येईपर्यंत ते सोलायला झालेले असतील. दोघं बसून सोलू, तेव्हा हे सगळं तोंडाने सांगेन.

तुझा, फार लांब नसलेला,
रोशन