मुठीतल्या अक्षता

सोलापूर

ती. आईला शिवराजचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय, डबा येळेवर येतोय. नवा कॅमेरा बी झकास हाय, अण्णांना सांग. त्यांचा गुडघा कसा हाय?

होटगीत पयल्या लग्नाचे फोटो काढाय गेलो. ऐन मंगलाष्टकाला कुणीतरी मुठीत अक्षता दिल्या. अक्षता खाली ठेवू न्हाई, हे तूच शिकवलंस की. कॅमेरा गळ्यात सोडून मी बी अक्षता टाकत बसलो. भानावर आलो तवर अंतरपाट सरला, हार बी घालून झाले.

नवरीची आई अंथरुणावर हाय, लग्नाला न्हवती. नवरी सारखी फोन करती, "दादा, तेवढा हाराचा फोटो द्या, आईला दाखवायचाय." फोनच बंद ठेवलाय, म्हणून पत्र.

तिच्या आईला काय दाखवू, आई?

तुझा,
शिवराज